कापूस गावचा, कपडा कुणाचा?

दसरा उलटला की कन्नड तालुक्यातील पिशोरच्या पट्ट्यात कपाशीची वेचणी सुरू होते. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी घरातील किशोरवयीन मुलेमुलीही आईवडिलांबरोबर शेताची वाट धरतात. कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या अशा एखाद्या मुलाच्या अंगावरील कपड्याकडे नीट पाहिले, तर एक विसंगती लक्षात येते. त्याच्या हाताला लागतो तो कापूस आहे आणि अंगाला लागते ते पॉलिएस्टर. छातीवर ठळक अक्षरांत छापलेल्या परदेशी शब्दांचा अर्थ विचारला, तर तो नुसताच हसतो. हा शर्ट कोणी निवडला, कोणी शिवला आणि कुठून आला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या गावात सापडत नाही. वीस वर्षांपूर्वी ही तिन्ही उत्तरे गावातल्या गावात मिळत होती.

किशोरवयीनांच्या वेषभूषेतील बदल हा विषय निघाला की ज्येष्ठांच्या बैठकीत सुस्कारे ऐकू येतात आणि तरुणांच्या बैठकीत हशा पिकतो. दोन्ही प्रतिक्रिया सोप्या आहेत, म्हणूनच निरुपयोगी आहेत. २०११ ते २०२० या दशकात मराठवाड्यातील मोठ्या गावांच्या पोशाखात जे स्थित्यंतर झाले, ते केवळ जीन्सच्या रुंदीचे किंवा केसांच्या लांबीचे नव्हते. ‘काय नेसायचे’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचे ते स्थित्यंतर होते. त्याचा विचार शांतपणे आणि प्रामाणिकपणे व्हायला हवा.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नटण्याची हौस ही पाश्चात्त्यांची देणगी नव्हे. ज्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पिशोर आहे, त्याच जिल्ह्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भित्तिचित्रांतील तरुण-तरुणींच्या अंगावरील पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रे, त्यांच्या केशरचनांचे असंख्य प्रकार आणि अलंकारांची विविधता पाहून जगभरातील वस्त्रांचे अभ्यासक थक्क होतात. कन्नड तालुक्यातीलच पितळखोऱ्याच्या लेण्यात प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या भागात अत्तराचा व्यापार इतका भरभराटीचा होता की त्याच्या उत्पन्नातून लेणी कोरण्यास हातभार लागत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या सुती कापडाचा आणि मलमलीचा उल्लेख आहे. पैठणची पैठणी आणि याच जिल्ह्याच्या शहरातील हिमरू यांची कीर्ती तर सर्वज्ञात आहे. नवनवे वस्त्र अंगावर मिरवावे ही इच्छा या भूमीत नेहमीच होती. फरक इतकाच की त्या काळी ही भूमी जगाला वस्त्र पुरवत होती आणि जगाच्या आवडीनिवडी घडवत होती.

फार लांब जाण्याचेही कारण नाही. १९९० ते २०१० या वीस वर्षांतही पिशोरसारख्या गावांत फॅशन होतीच. १९९५ च्या सुमारास अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ या नावाने जीन्सचे न शिवलेले संच बाजारात आणले होते. सुमारे दोनशे रुपयांच्या त्या संचात डेनिमचे कापड, चेन, बटणे, रिव्हेट आणि मागे लावायची पट्टी असे सारे साहित्य असे. शिवून देण्याचे काम गावचा शिंपी करी. १९३१ साली, स्वदेशीच्या चळवळीने देश भारलेला असताना अहमदाबादेत स्थापन झालेल्या या गिरणीने खेड्यातील मुलाला जीन्स तर दिलीच, शिवाय खेड्यातील शिंप्याच्या हातालाही काम दिले. आधुनिकता आणि स्वावलंबन यांचे हाडवैर नाही, हे सिद्ध करणारे ते उदाहरण होते. २००३ मध्ये ‘तेरे नाम’ चित्रपट आला आणि मधोमध भांग पाडून कपाळावर केस सोडणारी मुले गावोगाव दिसू लागली. वडीलधारे चिडले, शाळेतील गुरुजींनी दटावले, न्हाव्याने मात्र हौसेने कात्री चालवली. वर्षभरात लाट ओसरली.

त्या काळातील या साऱ्या व्यवहाराला एक शिस्त होती आणि ती कोणी भाषणे देऊन लावलेली नव्हती. कपडे वर्षातून दोनदा, फार तर तीनदा येत. दिवाळी, शाळेची सुरुवात आणि घरचे लग्नकार्य हे त्यांचे मुहूर्त. कापड दुकानातून फाडून आणायचे, शिंप्याकडे माप द्यायचे, ‘वाढत्या अंगाचे शिवा’ असे आईने बजावायचे आणि मग सणाच्या आदल्या रात्रीपर्यंत शिंप्याच्या दारात खेटे घालायचे. चित्रपटात पाहिलेली फॅशन अंगावर येईपर्यंत तिला वडिलांचा खिसा, आईची नजर, शिंप्याचे कसब आणि शेजाऱ्यांचे मत अशा चार चाळण्यांतून जावे लागे. थोरल्याचा शर्ट धाकट्याला होई, धाकट्याचा विटला की त्याची गोधडी होई. त्या गोधडीत घरातील प्रत्येकाच्या कपड्याचा तुकडा ओळखता येत असे. वस्त्राला आयुष्य होते, कारण वस्त्राशी नाते होते.

२०१० नंतर या चाळण्या एकेक करून बाजूला पडल्या. त्या वर्षी छत्रपती संभाजीनगरात प्रोझोन मॉल उभा राहिला आणि तालुक्याच्या गावातून शहरात शिकायला गेलेल्या मुलांनी काचेमागचे पुतळे प्रथमच जवळून पाहिले. त्याच वर्षी ऑनलाइन खरेदीत माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय फ्लिपकार्टने सुरू केली. बँकेचे कार्ड नसलेल्या घरांनाही त्यामुळे घरबसल्या खरेदीचा मार्ग खुला झाला. २०१२ च्या प्रारंभी एकाच नाममुद्रेच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीस परवानगी मिळाली. स्पेनची ‘झारा’ २०१० मध्ये आणि स्वीडनची ‘एच अँड एम’ २०१५ मध्ये भारतात आली. त्यांची दुकाने महानगरांपुरती होती, पण त्यांच्या नकला आठवडी बाजारांपर्यंत पोहोचल्या. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने स्वस्त इंटरनेट आणल्यावर मुंबईच्या मुलाला आज जे दिसते ते पिशोरच्या मुलालाही आजच दिसू लागले. दोघांमधील अंतर पुसले गेले याचा आनंद मानायलाच हवा. ज्ञानाच्या बाबतीत ते पुसले गेले तेव्हा लाभ झाला. हव्यासाच्या बाबतीतही ते पुसले गेले, याची किंमत मात्र वेगवेगळ्या खिशांतून मोजावी लागली.

या दशकातील फॅशनचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रारंभीची पायघोळ जीन्स आक्रसत जाऊन पायाला घट्ट चिकटली. मग तिला गुडघ्यावर भोके पडली. चौकडीच्या शर्टांची जागा छापील टी-शर्टने घेतली. दशकाच्या मध्यापासून कोवळ्या गालांवर दाढीची घाई दिसू लागली. विराट कोहलीची कोरीव दाढी आणि २०१८ च्या अखेरीस आलेल्या ‘केजीएफ’मधील नायकाचे रूप यांनी त्या घाईला खतपाणी घातले. बाजूने बारीक आणि वर उंच ठेवलेले केस हा तर गावोगावच्या सलूनचा मुख्य व्यवसाय झाला. मुलींच्या बाबतीत सलवारीची जागा लेगिंग्जने घेतली, नंतर पलाझो आली, कुर्ता आखूड झाला, ओढणी कधी खांद्यावर तर कधी दप्तरात राहू लागली आणि जीन्स ही महाविद्यालयापुरती न राहता घरातही रुळली.

यातील प्रत्येक बदलाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. मुलींच्या पोशाखातील बदलामागे तर फार साधे आणि सशक्त कारण होते. मुली घराबाहेर पडल्या. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत प्रवास देणारी योजना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने चालते. भरलेल्या एस.टी.त चढायचे, सायकल मारायची, दुचाकी चालवायची, कबड्डीच्या मैदानात उतरायचे, तर पायात घोळणारा, वाऱ्यावर उडणारा वेष अडचणीचा ठरतो. २०१६ मध्ये ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा अकलूजची एक शाळकरी मुलगी पडद्यावर बुलेट आणि ट्रॅक्टर चालवताना महाराष्ट्राने पाहिली. चित्रपटाविषयी मतभेद असू शकतात, परंतु गावातील असंख्य मुलींना त्या दृश्यात आपले सामर्थ्य दिसले, हे नाकारता येणार नाही. हालचालीला मोकळीक देणारा वेष हा संस्कृतीचा ऱ्हास नसून कर्तृत्वाची गरज आहे. नऊवारीचा काष्टा घालून घोड्यावर मांड ठोकणाऱ्या स्त्रियांच्या महाराष्ट्राला हे निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

तरीही या दशकात घराघरांत भांडणे झाली ती प्रामुख्याने मुलींच्याच कपड्यांवरून. मुलाने फाटकी जीन्स घातली तर ‘वय आहे त्याचे’ आणि मुलीने घातली तर ‘घराण्याचे नाव’! २०२१ मध्ये फाटक्या जीन्सवरून देशभर जो वाद रंगला, त्यातही रोख स्त्रियांवरच होता. ज्या समाजाला आपल्या मातृशक्तीविषयी अभिमान आहे, त्याने हा दुटप्पीपणा निमूटपणे चालू द्यावा का? सावित्रीबाई फुले शाळेत जाताना जास्तीचे लुगडे बरोबर नेत, कारण वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जाई. त्या अंगभर लुगडे नेसत होत्या, तरीही तो चिखल चुकला नाही. म्हणजे दोष वस्त्रात नव्हता, फेकणाऱ्या हातांत होता. मुलींना कसे वागावे हे शिकवणाऱ्या घराने मुलांना कसे पाहावे हेही शिकवले पाहिजे. शील हा सर्वांसाठीचा संस्कार आहे. त्याचा भार केवळ मुलीच्या ओढणीवर टाकता येत नाही.

मग चिंता कशाची? चिंता कापडाच्या आकाराची नसून त्यामागच्या गतीची आणि गुलामीची आहे. आरशासमोर उभे राहून ‘मला हे शोभते का’ असे विचारणारी पिढी या दशकात मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहून ‘इतरांना हे आवडेल का’ असे विचारू लागली. आरसा घरातील होता. कॅमेऱ्यामागे अनोळखी जग होते. एकदा छायाचित्रात झळकलेला शर्ट दुसऱ्या छायाचित्रात नको, म्हणून तो न फाटताच जुना झाला. ज्या घरात वडिलांचे धोतर विरेपर्यंत वापरले गेले, त्याच घरात मुलाचा शर्ट तीन महिन्यांत टाकाऊ ठरू लागला. याला हौस म्हणता येत नाही. हौस तृप्त होते. हा चंगळवाद आहे आणि तो अतृप्तीवरच जगतो.

हे सारे घडत होते ते कोणत्या काळात, हेही विसरता येणार नाही. २०१२ चा दुष्काळ, त्यानंतर २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षांची अनावृष्टी, २०१७ मध्ये कपाशीवर पडलेली गुलाबी बोंडअळी आणि २०१८ मध्ये पुन्हा पावसाने दिलेली ओढ अशा संकटांतून मराठवाडा या दशकात गेला. लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत २०१०-११ मध्ये क्विंटलला ३००० रुपये होती, ती २०२०-२१ मध्ये ५८२५ रुपये झाली. या आकड्याचा कपड्याशी असलेला संबंध समजून घेण्यासारखा आहे. एका क्विंटल कापसातून सरकी वेगळी केल्यावर सुमारे ३४ किलो रुई निघते. एका सुती टी-शर्टला दोनशे ग्रॅमच्या आसपास सूत लागते. हिशोब केला तर पाचशे रुपयांच्या सुती टी-शर्टमध्ये कापूस पिकवणाऱ्याचा वाटा चाळीस रुपयांच्या आसपास भरतो. उरलेले पैसे कताई, विणाई, रंगाई, शिलाई, वाहतूक, जाहिरात आणि नाममुद्रा यांच्या वाट्याला जातात, आणि यांतील बहुतेक कामे कापसाच्या गावापासून दूर होतात. गाठी गुजरातेत आणि दक्षिणेतील सूतगिरण्यांत जातात, बनियन आणि टी-शर्ट तिरुपूरहून येतात, जीन्स उल्हासनगरहून येते. आणि तो टी-शर्ट पॉलिएस्टरचा असेल तर शेतकऱ्याला ते चाळीस रुपयेही मिळत नाहीत, कारण पॉलिएस्टरचे मूळ खनिज तेलात आहे. कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा पॉलिएस्टर घालतो, तेव्हा नकळत तो आपल्याच बापाच्या मालाकडे पाठ फिरवतो.

फाटक्या जीन्सची कथा तर याहून बोलकी आहे. एक जीन्स तयार होण्यासाठी कपाशीच्या लागवडीपासून धुलाईपर्यंत सुमारे ७५०० लिटर पाणी लागते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. नवे कापड मुद्दाम विटलेले दिसावे म्हणून त्यावर रसायनांचा मारा करावा लागतो. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांनी वालधुनी नदीची काय अवस्था केली, हे त्या परिसरातील रहिवाशांना विचारावे. जीन्सवर वाळूचा झोत मारून ती झिजवण्याच्या पद्धतीमुळे तुर्कस्तानातील कामगारांना फुप्फुसाचा सिलिकोसिस हा असाध्य विकार जडला आणि २००९ मध्ये त्या देशाला ती पद्धत बंद करावी लागली. शेतात राबून गुडघ्यावर झिजलेली विजार लपवावीशी वाटते आणि कारखान्यात कामगाराच्या फुप्फुसाच्या मोलाने झिजवलेली जीन्स मिरवावीशी वाटते, यातील विसंगती मुलांना समजावून सांगितली तर ती त्यांना नक्की कळते. त्यासाठी ओरडण्याची गरज नसते, बसून बोलण्याची असते.

याच दशकाची दुसरी बाजू आशादायक आहे, पण तीही डोळस नजरेने पाहायला हवी. १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा या काळात महाराष्ट्रभर पसरली. डोक्यावर फेटा, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ आणि अंगावर नऊवारी अशा थाटात तरुणी दुचाकीवर स्वार झाल्या. शिवजयंतीला भगवे फेटे बांधलेली किशोरवयीन मुले गावोगाव दिसू लागली. ज्या वेषाची एके काळी ‘गावंढळ’ म्हणून टर उडवली जात होती, तो अभिमानाचा विषय झाला, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु परंपरेचा हा वेषही हळूहळू बाजाराच्याच ताब्यात जात आहे, याकडे डोळेझाक कशी करता येईल? यंत्रमागावर निघालेली कृत्रिम धाग्याची ‘पैठणी’ पैठण आणि येवल्याच्या विणकराच्या पोटावर पाय देते. फेटा शिवून तयार मिळतो, बांधण्याची कला मात्र विसरली जाते. छातीवर छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र छापून घेणे सोपे आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याची त्यांची शिस्त अंगी बाणवणे कठीण आहे. एका दिवसापुरते नेसलेले वस्त्र हा वेष असतो. ज्या मूल्याची आठवण म्हणून ते नेसायचे, ते मूल्य उरलेले ३६४ दिवस जपले तरच त्याला संस्कार म्हणता येते.

ज्येष्ठांनीही स्वतःकडे पाहायला हरकत नाही. आजच्या आजोबांच्या वडिलांनी धोतर आणि टोपी सोडून विजार घातली, तेव्हाही गावात कुजबुज झालीच होती. आजींनी नऊवारीवरून सहावारीवर येताना आपल्या सासूची नाराजी झेललीच होती. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने १९२५ पासून चालत आलेल्या गणवेशात वेळोवेळी बदल केले. १९४० मध्ये खाकी सदऱ्याच्या जागी पांढरा सदरा आला आणि मार्च २०१६ मध्ये नागौर येथील प्रतिनिधी सभेत सरकार्यवाह भैयाजी जोशी यांनी खाकी अर्ध्या विजारीऐवजी तपकिरी रंगाची पूर्ण विजार येणार असल्याची घोषणा केली. त्याच वर्षीच्या विजयादशमीला नवा गणवेश दिसला. शिस्तीविषयी कमालीची आग्रही असणारी संघटना नव्वद वर्षांची ओळख विचारपूर्वक बदलू शकते, कारण विजार बदलल्याने विचार बदलत नाही, याची तिला खात्री असते. किशोरवयीन मुलांच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. बदल झाला का, हा प्रश्न गौण आहे. बदल विचारपूर्वक झाला की वाहवत जाऊन झाला, हा खरा प्रश्न आहे.

वस्त्राच्या निवडीत राष्ट्राचे भवितव्य दडलेले असते, हे या महाराष्ट्राने जगाआधी ओळखले. १८७७ च्या दिल्ली दरबारात गणेश वासुदेव जोशी उपाख्य सार्वजनिक काका स्वतः कातलेल्या सुताची खादी नेसून गेले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटली, तेव्हा तिच्या अग्रभागी असलेले विनायक दामोदर सावरकर हे अवघ्या बावीस वर्षांचे विद्यार्थी होते. त्यासाठी त्यांना फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहातून काढण्यात आले आणि दहा रुपये दंडही झाला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे आडवा होऊन प्राण देणारा बाबू गेनू हा गिरणी कामगारही तरुणच होता. म्हणजे त्या पिढीतील तरुणांनाही कपड्याविषयी तीव्र आवडनिवड होती. पण त्यांच्या आवडीला अर्थ होता आणि तो अर्थ त्यांना कोणी तरी समजावून सांगितला होता. आज असा अर्थ सांगणारा कोण आहे?

केवळ बंदीने हे साधत नाही, याचाही अनुभव गाठीशी आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते, तसेच ‘शीन’ आणि ‘क्लब फॅक्टरी’ ही स्वस्त कपडे विकणारी ॲपही होती. देशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. मात्र टिकटॉक गेल्यावर तीच नाचरी चित्रफीत दुसऱ्या ॲपवर सरकली आणि २०२५ मध्ये ‘शीन’ हे नाव भारतीय कंपनीशी केलेल्या कराराने, भारतात तयार झालेला माल घेऊन पुन्हा बाजारात आले. देशी कारागिराला काम मिळणार असेल तर त्याचे स्वागतच आहे. परंतु दोन महिने टिकणारा स्वस्त शर्ट देशात शिवला तरी तो दोन महिन्यांनी कचऱ्यातच जाणार. सरकार आयात अडवू शकते, कर बदलू शकते. आवड घडवणे हे मात्र घराचे, शाळेचे आणि समाजाचे काम आहे.

ते काम अवघड नाही. दिवाळीच्या खरेदीआधी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि मुलांपुढे तीन साधे प्रश्न ठेवावेत. या कपड्याचा धागा कशाचा आहे? तो शिवताना कोणाच्या हाताला काम मिळाले? आणि तो किती दिवस टिकेल? उत्तरे मुलांनीच शोधावीत. निवडही मुलांनीच करावी. प्रत्येक घराने वर्षातून निदान एक पोशाख सुती कापड घेऊन गावातील शिंप्याकडून शिवून घेतला, तर पिशोरसारख्या गावात बंद पडत चाललेल्या शिलाई यंत्रांचा आवाज पुन्हा घुमू शकतो. शिंप्यांनीही जुन्या मापावर अडून न बसता मुलांना हवे ते नवे प्रकार शिकून घ्यावेत. ‘रफ अँड टफ’च्या काळात ते जमले होते, तर आज न जमण्याचे कारण नाही. शाळांनी जवळच्या जिनिंगला सहल न्यावी, कापसाचे सूत आणि सुताचे वस्त्र कसे होते ते दाखवावे. कार्यकर्त्यांनी बचत गटांतील शिलाई जाणणाऱ्या भगिनींना गणवेशांची, कुर्त्यांची कामे मिळवून द्यावीत. उत्सवात फेटे बांधण्याची स्पर्धा ठेवावी आणि तयार फेट्याला तिच्यात स्थान देऊ नये.

किशोरवय हे स्वतःला शोधण्याचे वय असते आणि कपडा ही त्या शोधाची पहिली भाषा असते. ही भाषा मुलांनी बोलू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती उसनी असू नये, इतकाच आग्रह धरता येतो. अजिंठ्याच्या भिंतींवरील तरुणाईने जगाला वस्त्र कसे ल्यावे हे दाखवले, कारण ते वस्त्र इथे पिकले, इथे विणले गेले आणि इथल्याच नजरेने निवडले गेले. पिशोरच्या शिवारात कापूस आजही फुटतो आहे. तो वेचणाऱ्या मुलाला त्याच कापसाचा, त्याच्याच गावात शिवलेला आणि त्याला मनापासून आवडलेला शर्ट घालता यावा, एवढे साधले तरी स्वदेशीचा उच्चार करण्याचा अधिकार आजच्या पिढीने कमावला असे म्हणता येईल.